जवारी लावणाऱ्यालाही भेसळखोर म्हणणार का?

सुट्टी संपवून ठाण्यावर परतताना वाटेत एका मोठ्या शहरात मला अख्खा दिवस काढायचा होता. गाडी रात्री साडेदहाची. सामान क्लोक रूममध्ये टाकलं आणि बरेच दिवस मनात असलेलं काम करायला निघालो. हेडफोनसाठी नवं डॅक-अँप बघायचं होतं. दुकान झकास. थंडगार हवा, भिंतींना लाकूड, बसायला मऊ खुर्च्या. काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेली यंत्रं, त्यातली काही माझ्या पहिल्या मोटरसायकलपेक्षा महाग. विकणारा पोरगा तिशीचा, बोलायला गोड. मी त्याला एकच प्रश्न विचारला, "इसमें ईक्यू है क्या? अंदर ही?"

देवळात बूट घालून आल्यासारखं त्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "साहब, ईक्यू तो मिलावट है. शौकीन लोग प्युअर सुनते हैं. आर्टिस्ट ने जो रेकॉर्ड किया, वही."

मी वाद घातला नाही. साध्या कपड्यांत असलो तरी केस कापलेले असतात, लोक ओळखतात. चहा घेतला, आभार मानले, बाहेर पडलो. पण गाडीत रात्रभर तो शब्द डोक्यात राहिला. मिलावट. म्हणून तो वाद इथं घालतो.

ज्यांना या भानगडीतलं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांत साठवलेलं असतं. त्या आकड्यांची वीज करतो तो डॅक. त्या विजेला हेडफोन हलवण्याइतकं बळ देतो तो अँप्लिफायर. हल्ली दोन्ही एकाच डबीत मिळतात. ईक्यू म्हणजे इक्वलायझर. आवाजातला खर्जाकडचा, मधला, वरचा भाग हवा तसा कमीजास्त करण्याची सोय. साध्या ईक्यूत ठरलेल्या जागी दांड्या असतात, त्या वरखाली करायच्या. पॅरामेट्रिक ईक्यूत आपणच सांगायचं की कुठल्या कंपनसंख्येला, किती डेसिबलनं, आणि आजूबाजूचा किती पट्टा धरून. पहिला प्रकार म्हणजे अंदाजानं डागलेला गोळा, दुसरा म्हणजे ग्रिड घेऊन डागलेला. तोफखान्यातल्या माणसानं कुठला निवडावा हे सांगायला नको.

तर ही मिलावट. आधी तो ज्याला प्युअर म्हणतो ते बघू.

प्युअर मंडळींचा देव म्हणजे एलपी रेकॉर्ड. तिच्या खरखरीवरही त्यांचं प्रेम. पण एलपी कापताना खर्ज मुद्दाम दाबावा लागतो, नाहीतर सुईची खोबण इतकी रुंद होईल की तबकडीवर गाणं मावणार नाही. वरचे स्वर मुद्दाम उचलून कापतात, म्हणजे खरखर त्यांच्याखाली झाकते. वाजवताना फोनो अँप्लिफायर याच्या नेमकं उलट करतो. १९५४ पासून याचं ठरलेलं प्रमाण आहे, त्याला आरआयएए वक्र म्हणतात. तळापासून टोकापर्यंत सुमारे ४० डेसिबलची उलथापालथ आहे त्यात. चाळीस! मी चार-पाच डेसिबल हलवले की मिलावट, आणि यांच्या देवाचा जन्मच ४० डेसिबलच्या ईक्यूतून झालेला. शिवाय रेकॉर्डिंग झाल्यावर मिक्सिंग आणि मास्टरिंग करणारा माणूस दर गाण्यावर ईक्यू फिरवतो तो वेगळाच. गायकाच्या गळ्यातून निघालेलं जसंच्या तसं आपल्यापर्यंत कधीच पोचत नाही.

आता हेडफोन. समोर बसलेल्या माणसाचा आवाज कानाच्या पाळीवरून, नळीतून आत जातो, तेव्हा ३ हजार हर्ट्झच्या आसपास तो आपोआप दहा-बारा डेसिबल वाढतो. कानाची घडणच तशी. हेडफोन कानावर चढवला की हे सगळं बदलतं, म्हणून बनवणाऱ्याला तो उंचवटा हेडफोनमध्येच घडवावा लागतो. किती आणि कुठं, यावर प्रत्येक कंपनीचा अंदाज वेगळा. हार्मनमध्ये शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना बसवून, ऐकवून, बहुतेकांना कुठला वक्र बरा वाटतो ते शोधलं आणि २०१३ च्या सुमारास ते निबंध बाहेर आले. त्या वक्रावर तंतोतंत बसणारे हेडफोन अजूनही थोडेच. म्हणजे तुम्ही जो 'प्युअर' हेडफोन घेता, त्यात कुणा इंजिनियरनं आपल्या पसंतीचा ईक्यू ओतून, डबी बंद करून, किल्ली स्वतःकडं ठेवलेली असते. मला ती किल्ली हवी, एवढंच माझं मागणं.

आणि मग कान. इथं मात्र मला जरा थांबावं लागेल.

मी तोफखान्यातला. युनिट आणि जागा सांगत नाही, जुनी मंडळी ओळखतील. पहिली काही वर्षं १०५ च्या गनवर, पुढं १५५ वर. शांततेच्या काळातसुद्धा रेंजवर वर्षाकाठी किती राउंड जातात हे ज्यानं काढलंय त्याला ठाऊक. अचानक फुटणाऱ्या आवाजासाठी १४० डेसिबलची कमाल मर्यादा धरतात. साधी रायफलही ती ओलांडते, गनची तर गोष्टच सोडा. इअर प्लग मिळायचे. मी खिशात ठेवायचो. एक तर हुकूम ऐकू यायला हवेत असं स्वतःला सांगायचो, आणि दुसरं खरं कारण म्हणजे प्लग घालणारा नाजूक समजला जायचा. कापसाचा बोळा घालायचा, तोंड उघडं ठेवायचं, झालं. रात्री कानात शिट्टी वाजायची, सकाळी थांबायची. एका वर्षी ती थांबली नाही.

वार्षिक मेडिकलला पाठ करून उभं करतात आणि सहा मीटरवरून कुजबुजून बोलतात, एकेक कान झाकून. डाव्या कानाच्या वेळी मी उजवा कान हलकासा झाकायचो. अशी चार-पाच वर्षं गेली. याचा मला अभिमान नाही, पण हे वाचणाऱ्यांत असे कितीजण आहेत हे मला माहीत आहे. शेवटी घरीच पकडला गेलो. धाकटी पाढे म्हणत होती, मी तपासत होतो. ती म्हणाली सात, मला ऐकू आलं हात. मी रागावलो. ती रडवेली होऊन पुन्हा म्हणाली सात. मला पुन्हा हात. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि नुसती बघत राहिली.

मग रीतसर ईएनटीकडं गेलो. ऑडिओग्राम निघाला. डाव्या कानाची रेघ ४ हजार हर्ट्झला ४५ डेसिबलपर्यंत खाली गेलेली, विहिरीसारखी. उजव्या कानाची २० वर. मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाची ही सहीच असते, बहुधा ३ ते ६ हजारांच्या मध्ये पडणारा खड्डा. स, श, फ, च या अक्षरांची धार तिथंच राहते. शेपमधला माझा एच एकचा दोन झाला. आकाश काही कोसळलं नाही.

आता सांगा, त्या दुकानातल्या पोराचं प्युअर माझ्या कुठल्या कानासाठी? दोन कानांत २५ डेसिबलचा फरक असलेल्या माणसाला तो ३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झ विकत होता. साध्या सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे शांत-मोठ्यात ९६ डेसिबलचं अंतर आणि वर २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज. माझ्या डाव्या कानाला आठ हजारांच्या वर काय चाललंय हे कळतच नाही. मला तो वटवाघळाचं ऐकणं विकतोय! आणि फक्त माझंच कशाला, निरोगी कानसुद्धा सपाट नसतात. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज हळू केला की खर्ज सगळ्यात आधी ऐकू येईनासा होतो. रात्री बॅरेकमध्ये शेजारचा झोपलाय म्हणून हळू ऐकणाऱ्याला मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं दिलं तरी ते तसं ऐकू येणारच नाही.

माझं गाव मिरजेपासून सायकलच्या अंतरावर. शाळेत असताना रविवारी मी तंतुवाद्यांच्या दुकानांत तासन्‌तास बसायचो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे यायचे, वाळवून टांगलेले. पण खरी गंमत सगळ्यात शेवटी. तंबोरा तयार झाला, तारा चढल्या, तरी तो बोलत नाही. मग म्हातारे कारागीर घोडी कानशीनं घासायचे, केसभर, मग तार छेडायचे, पुन्हा घासायचे. मग तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवायचा. दोरा मागंपुढं करता करता एका क्षणी तार फुलायची, वरचे सगळे स्वर उघडायचे. जवारी लागली. पुरुषाच्या गळ्यासाठी वेगळी, बाईच्या गळ्यासाठी वेगळी. कुणाला उघडी आवडते, कुणाला गोल. एवढं करून गवई आला की मैफलीपूर्वी तो दोरा पुन्हा सरकवणार. त्याला कुणी मिलावट म्हणत नाही. पखवाजाच्या धुमेला कणीक थापतात, तिलाही कुणी भेसळ म्हणत नाही. आपल्याकडं वाद्य जुळवून घेणं हा गाण्याचाच भाग आहे. आणि जवारीतले ते फुललेले वरचे स्वर नेमके माझ्या खड्ड्यात पडतात. भीमसेनजींच्या मागं वाजणारे तंबोरे मला कित्येक वर्षं नुसते गुणगुणणाऱ्या माशीसारखे ऐकू येत होते, आणि मी रेकॉर्डिंगला दोष देत होतो.

ईक्यू लावल्यावर काय झालं ते सांगतो. डाव्या बाजूला ४ हजारावर ५ डेसिबल वर, उजवीकडं २. खर्जाकडं १५० च्या आसपास हेडफोनचा एक फुगवटा होता, तो ३ नं खाली. एवढंच. तंबोरा पुन्हा तंबोऱ्यासारखा झाला असं म्हणणार नाही, पण दोरा सरकला. आणि व्हॉल्यूम आधीपेक्षा कमी लागायला लागला. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे. अक्षरं कळत नाहीत म्हणून माणूस सगळाच आवाज वाढवतो, आणि उरलेला कानही घालवतो.

आता कुणी म्हणेल, फोनमध्ये ईक्यूची फुकट अॅपं आहेत की. आहेत. पण आमच्या फोनवर काय ठेवायचं हे आम्ही एकटे ठरवत नाही. २०२० च्या जुलैत ८९ अॅपं काढून टाकायचा हुकूम आला तेव्हा कितीजणांची किती गैरसोय झाली ते आठवतं ना? आणि काही जागी फोनच गेटवर जमा होतो, जवळ उरतो तो गाण्यांचा साधा प्लेयर, ज्याला ईक्यूबिक्यू काही कळत नाही. म्हणून मी 'अंदर ही' म्हणत होतो. ईक्यू यंत्राच्या आत हवा, एकदा लावला की तिथंच साठलेला राहायला हवा. फोन बदला, लॅपटॉप बदला, पोस्टिंग बदला, डबी लावली की आपला कान आपल्यासोबत. पुष्कळ डब्यांवर ईक्यू असं छापलेलं असतं, पण तो असतो त्यांच्या फोनच्या अॅपात. अॅप काढलं की ईक्यू गेला. दुकानात अॅपवर ईक्यू लावून घ्या, मग तीच डबी दुसऱ्या कुणाच्या फोनला जोडून बघा. बदल टिकला तर आत आहे.

मी स्वतः वापरलेली दोन नावं सांगतो, जाहिरात नाही, मला कुणी काही दिलेलं नाही. एक कोरियाचं क्यूडेलिक्स ५के. काडेपेटीच्या मापाचं, बॅटरीवर चालतं, दहा बँडचा पॅरामेट्रिक ईक्यू डबीतच साठतो. लावताना फोन लागतो, नंतर नाही. शौकीन लोक त्याला नाक मुरडतात कारण यूएसबीवर ते ९६ किलोहर्ट्झपर्यंतच घेतं. मुरडू द्या. दुसरं जर्मन आरएमईचं एडीआय-२ डॅक. पाच बँड, डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळे लावता येतात, सगळं पुढच्या बटणांवरून, फोनची गरजच नाही. हळू ऐकताना खर्ज आणि वरचे स्वर आपोआप उचलणारी सोयही आहे, फ्लेचर-मन्सनच्या त्या जुन्या गोष्टीला मान देणारी. पण ते टेबलावरचं, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारं, आणि लाखाच्या घरातलं. फॅमिली स्टेशनला असताना एका साहेबांचं मी महिनाभर वापरलं. उंचावरच्या पोस्टवर, जिथं जनरेटर संध्याकाळचे काही तास चालतो, तिथं त्याचा उपयोग पेपरवेटइतका. उलट तिथल्या थंडीत बॅटरीही लवकर मान टाकते, तेव्हा छोटी डबी रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपायची. बायकोला हे सांगितलं नव्हतं, आता कळेल.

ताकदीचा हिशेब मात्र नीट करा, कारण इथं ईक्यूवाले फसतात. एखादा बँड ६ डेसिबलनं वर नेला तर एकूण पातळी आधी ६ डेसिबलनं खाली आणावी लागते, नाहीतर आकडे छताला आपटतात आणि आवाज फाटतो. म्हणजे तेवढी ताकद अँपमध्ये शिल्लक हवी. ६ डेसिबल म्हणजे दुप्पट व्होल्टेज, चौपट पॉवर. सेनहायझरच्या एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला साध्या फोनच्या काडीवर ही शिल्लक उरत नाही. छोट्या इअरफोनला उलट कमी ताकद पुरते, तिथं बघायचं ते एवढंच की गाणं थांबल्यावर मागं सळसळ येते का. बाकी ११० डेसिबलची स्वच्छता की १२० ची, यावर भांडणाऱ्यांना भांडू द्या. डोक्यावर पंखा फिरत असतो आपल्या.

प्युअरवाल्यांचं एक म्हणणं मात्र मला मान्य. बहुतेक लोक ईक्यू हातात आला की खर्ज ढोलासारखा फुगवतात आणि वरचे स्वर काचेसारखे करतात, आणि त्यालाच मजा म्हणतात. त्यापेक्षा ईक्यू नसलेला बरा. आधी उतरवायला शिका, मग चढवायला. आणि ऑडिओग्रामचा खड्डा पाहून तो पूर्ण भरायला जाऊ नका. माझा ४५ चा खड्डा आहे म्हणून मी ४५ वाढवत नाही, ५ वाढवतो. खराब झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र चांगल्या कानाइतकाच मोठा लागतो. भरपूर भरलंत तर उरलंसुरलं जाळाल. कानात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात, गेलेली एकही परत येत नाही, डॅक जर्मन असो की कोरियन. हे श्रवणयंत्रही नव्हे. निवृत्त मंडळींनो, नातवंडांचं बोलणं कळत नसेल तर ईसीएचएसमध्ये जा, कान तपासा, यंत्र घ्या. चष्मा लावताना लाज वाटली नाही, मग इथं का?

आमच्या बॅटरीत बाविशीचा एक पोरगा आहे. परवा जनरेटरजवळच्या खाटेवर इअरफोन लावून पडला होता. मला चार पावलांवरून गाण्याचे शब्द कळत होते. मला, म्हणजे या कानांना! उठवला. म्हणाला, "साहब, जनरेटर में सुनाई नहीं देता." १०० डेसिबल आवाज १५ मिनिटं ऐकला की दिवसाचा कोटा संपतो, ८५ ला आठ तास मिळतात, हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, आमच्या वेळी आम्ही डोलवायचो तशीच. मग मी भाषण सोडून दिलं. त्याच्या इअरफोनला कान नीट बंद करणारी मोठी रबरी टोपणं बसवली, माझी डबी जोडून दिली आणि खर्ज थोडा खाली आणला. आवाज अर्ध्यावर आला तरी त्याला सगळं ऐकू येत होतं. डबी चार दिवस झाले परत आलेली नाही.

पुढच्या आठवड्यात आमची फायरिंग आहे. प्लगची पाकिटं या वेळी मी स्वतः मोजून घेतली आहेत. हुकुमासाठी हातवारे पक्के केले, दोनदा सराव झाला. ज्याच्या कानात प्लग दिसणार नाही तो गनजवळ उभा राहणार नाही, आणि त्या पोराला मी डाव्या बाजूला, माझ्या नजरेसमोर ठेवलाय.